इंटर्नशिपनंतर शिखरावरच्या केंद्रात परत, आता निरीक्षक म्हणून

रात्रपाळी:
उन्हाळ्यात तीन महिने डोंगरमाथ्यावरच्या हवामान केंद्रात इंटर्न होते. आता तिथेच निरीक्षक म्हणून बोलावलंय, ऐन थंडीत, रात्रपाळीला. जागा ओळखीची, माणसं ओळखीची. धास्ती निराळीच आहे. तेव्हा माझं प्रत्येक वाचन कुणीतरी तपासायचं. एकदा धुक्यात मी बिनधास्त दृश्यमानता २०० मीटर लिहिली. तिथल्या वरिष्ठ ताई म्हणाल्या, "कठड्याचा शेवटचा खांब दिसतोय का? नाही? तो तीस मीटरवर आहे." आता असं विचारणारं रात्री कुणी नसेल. शिवाय शून्याखाली सायक्रोमीटर (हवेतली आर्द्रता मोजायचे दोन तापमापक, एकाचा बल्ब कोरडा, दुसऱ्याचा ओल्या कापडात) मी कधी फिरवलेलाच नाही.

जुनाखांब:
ताईंना खांब पाठ होता, तसे तुम्हीही करा. पहिल्याच दिवशी उजेडात फिरून कुठली खूण किती अंतरावर आहे ते लिहून घ्या. रात्री दिवे बघायचे, पण त्याआधी पाच-दहा मिनिटं अंधारात थांबायचं. उजेडातून थेट बाहेर आलेल्या डोळ्यांना काही दिसत नाही.

आता सायक्रोमीटर. थंडीत आधी ओल्या बल्बच्या कापडावरचं पाणी पूर्ण गोठू द्या, मगच वाचा. आणि गोठणाऱ्या धुक्यात ओला बल्ब कोरड्यापेक्षा किंचित जास्त दाखवेल. घाबरून आकडे "दुरुस्त" करू नका! शून्याखालच्या धुक्यातले थेंब द्रवच असतात. ती हवा पाण्याच्या हिशेबाने संपृक्त, म्हणजे बाष्पाने पुरेपूर भरलेली, असली तरी बर्फाच्या हिशेबाने अतिसंपृक्त असते. त्यामुळे कापडावर उलट बाष्प साचतं आणि तापमान चढतं. मी पहिल्या हिवाळ्यात दोन्ही सारखे लिहून मोकळा झालो होतो. अजून लाज वाटते.

ढगवेडा:
थोडं विषयांतर. भौतिकशास्त्रज्ञ सी. टी. आर. विल्सन १८९४ च्या सप्टेंबरमध्ये स्कॉटलंडमधल्या बेन नेव्हिस शिखरावरच्या वेधशाळेत जेमतेम दोन आठवडे बदली निरीक्षक होता. ढगावर पडलेल्या सावलीभोवतीची रंगीत वलयं पाहून ती प्रयोगशाळेत करायला गेला आणि त्यातून क्लाउड चेंबर (सूक्ष्म कणांचे माग बाष्पात दाखवणारं उपकरण) निघाला. १९२७ चं नोबेल! तुम्ही तर तीन महिने काढलेत.

रात्रपाळी:
@ढगवेडा, तो परत कुठे गेला वर? :) @जुनाखांब, खुणांचं पटलं. पण वाऱ्याच्या बाजूने खांबांवर बर्फाची पिसं वाढली की खांब ओळखू येतात का?

जुनाखांब:
नाही येत. म्हणून अंतर पावलांत मोजून ठेवा. पिसं मात्र लगेच झाडू नका, ती वाऱ्याच्या दिशेला तोंड करून वाढतात. ॲनिमोमीटर (वारा मोजायचं उपकरण) गोठला तर दिशा तीच सांगतील.