मायकेल जॉर्डनचा सर्वांत मोठा क्षण: १९९८चा शॉट की १९९१चा पास?

मूळ लेख

मायकेल जॉर्डनचे नाव निघाले की १४ जून १९९८ची सॉल्ट लेक सिटीतील रात्र आठवतेच. एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल स्पर्धेच्या अंतिम मालिकेचा युटा जॅझविरुद्धचा सहावा सामना, उरलेली काही सेकंदे, तोल जाऊन घसरलेला युटाचा ब्रायन रसेल आणि चेंडू सुटल्यावरही हवेत तसाच राहिलेला जॉर्डनचा उजवा हात. ते दृश्य माझ्याही मनात घर करून आहे. तरीही त्याच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठा क्षण कोणता, असे विचारले तर मी १२ जून १९९१ असेच उत्तर देईन, आणि त्या क्षणी शॉट मारणारा जॉर्डन नव्हता.

त्याआधीची वर्षे लक्षात घेतल्याशिवाय हे पटणार नाही. १९८६-८७च्या हंगामात जॉर्डनने सामन्यामागे ३७.१ गुण मिळवले, पण त्याचा संघ शिकागो बुल्स बाद फेरीच्या पहिल्याच टप्प्यात गारद झाले. पुढे १९८८, १९८९ आणि १९९० अशी सलग तीन वर्षे डेट्रॉइट पिस्टन्सनी त्यांना घरी पाठवले. पिस्टन्सचा हिशेब सरळ होता: जॉर्डनच्या अंगावर दोघे-तिघे घालायचे, कारण चेंडू सोडण्यापेक्षा त्या गर्दीतून वाट काढणेच तो पसंत करेल. सर्वाधिक गुण मिळवणारा खेळाडू संघाला विजेतेपद मिळवून देऊ शकत नाही, असे तेव्हा जाणकारही म्हणत. प्रशिक्षक फिल जॅक्सन आणि त्यांचे सहायक टेक्स विंटर यांची त्रिकोणी पद्धत, ज्यात चेंडू पाचही जणांच्या हातांतून फिरतो, जॉर्डनला सुरुवातीला मुळीच रुचली नव्हती.

अशा खेळाडूने १९९१च्या अंतिम मालिकेत, लेकर्सविरुद्धच्या पाचव्या सामन्यात, लॉस एंजेलिसमध्ये, सामना अटीतटीला आलेला असताना काय केले? बचाव करणारे आपल्याकडे धावून येत आहेत हे पाहून त्याने मोकळ्या असलेल्या सहकारी जॉन पॅक्सनला पास दिला, आणि पॅक्सनचा शॉट पडल्यावर पुन्हा पुन्हा दिला. त्याआधी टाइम आउटमध्ये, म्हणजे खेळ थांबवून घेतलेल्या विश्रांतीत, जॅक्सन यांनी त्याला ‘मोकळा कोण आहे’ एवढेच विचारले होते, हा किस्सा प्रसिद्ध आहे. पॅक्सनने आपल्या २० गुणांपैकी १० शेवटच्या चारेक मिनिटांत मिळवले, बुल्सनी १०८-१०१ असा सामना जिंकला आणि शिकागोला पहिले विजेतेपद मिळाले. त्या मालिकेत जॉर्डनची सरासरी ३१.२ गुणांची होतीच, पण त्याबरोबर ११.४ असिस्टही (सहकाऱ्याच्या बास्केटला कारण ठरलेले पास) होते. पुढची पाच विजेतेपदे या बदलातून आली, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १

आपली मांडणी अभ्यासपूर्ण आहे, परंतु निष्कर्ष मला मान्य नाही. १९९१च्या पाचव्या सामन्यात लेकर्सचे जेम्स वर्दी आणि बायरन स्कॉट दुखापतीमुळे मैदानात नव्हते आणि बुल्स मालिकेत ३-१ असे पुढे होते. तो सामना हातचा गेला असता, तरी पुढचे दोन सामने शिकागोत होते.

१९९८मध्ये याच्या नेमके उलट होते. हरले असते तर सातवा सामना पुन्हा युटाच्याच मैदानावर होणार होता. जॉर्डनचा मुख्य साथीदार स्कॉटी पिपेनची पाठ सामन्याच्या सुरुवातीलाच इतकी दुखावली की तो जेमतेम २६ मिनिटे खेळू शकला. जॉर्डन ३५ वर्षांचा होता आणि त्याला ३५ शॉट घ्यावे लागले, त्यांतले १५ पडले. अखेरच्या मिनिटात ८६-८३ अशी पिछाडी असताना त्याने आधी चटकन दोन गुण मिळवले, मग युटाच्या कार्ल मलोनच्या हातातला चेंडू काढून घेतला आणि ५.२ सेकंदे उरली असताना ८७-८६ असा सामना फिरवला. बुल्सच्या ८७ गुणांपैकी ४५ त्याचे होते आणि असिस्ट फक्त १. पास देण्यासारखी परिस्थितीच नसताना एकट्याने सगळा भार वाहणे ही दुय्यम गोष्ट कशी ठरेल?

मूळ लेखकाचे उत्तर

वर्दी आणि स्कॉट नव्हते, हे मी लिहायला हवे होते. मात्र मालिकेत आघाडी होती म्हणून दडपण नव्हते, हे मला पटत नाही. सहा हंगाम रिकाम्या हाताने परतलेल्या माणसाला पहिल्या विजेतेपदाच्या उंबरठ्यावर दुसऱ्याच्या हाती चेंडू देणे किती जड गेले असेल, याचा विचार व्हावा. आणि तो विश्वास एका रात्रीपुरता नव्हता. मार्च १९९५मध्ये, निवृत्ती सोडून केलेल्या पुनरागमनानंतर काही दिवसांतच त्याने न्यूयॉर्कमध्ये ५५ गुण केले, पण निर्णायक बास्केट त्याने सहकारी बिल वेनिंग्टनला पास देऊन करवून घेतली. १९९७च्या अंतिम मालिकेत, युटाविरुद्धच्याच सहाव्या सामन्यात, ८६-८६ अशी बरोबरी असताना, युटाचा जॉन स्टॉक्टन आपल्यावर धावून येईल हे ओळखून त्याने टाइम आउटमध्येच सहकारी स्टीव्ह करला तयार राहायला सांगितले होते. तसेच घडले, आणि करचा शॉट पडला.

प्रतिसाद २

१९९८चा गौरव करताना दोन गोष्टी विसरल्या जातात. शॉटआधी जॉर्डनचा डावा हात रसेलच्या कमरेवर होता. त्याच सामन्यात युटाच्या हॉवर्ड आयझलीचा तीन गुणांचा शॉट वेळेत सुटूनही पंचांनी नाकारला आणि बुल्सच्या रॉन हार्परचा उशिरा सुटलेला शॉट ग्राह्य धरला. एका गुणाने सुटलेल्या सामन्यात हा फरक फार मोठा आहे. युटाच्या चाहत्यांची ही व्यथा खरी आहे, आणि म्हणूनच त्या शॉटला सर्वश्रेष्ठ म्हणणे मला जड जाते.

प्रतिसाद ३

माझ्यासाठी तो क्षण सामना संपल्यानंतरचा आहे. १६ जून १९९६ला पितृदिन होता. वडिलांची हत्या होऊन जेमतेम तीन वर्षे झाली होती. सिअ‍ॅटलविरुद्धच्या अंतिम मालिकेतील त्या सामन्यात जॉर्डनचे १९पैकी केवळ ५ शॉट पडले, तरी बुल्स जिंकले, आणि तो चेंडू छातीशी धरून ड्रेसिंग रूमच्या जमिनीवर पालथा पडून हुंदके देत राहिला. आकडे त्यापुढे मला सुचत नाहीत.

प्रतिसाद ४

मी शालेय मुलींच्या संघाला बास्केटबॉल शिकवते, त्यामुळे थोडे खेळाच्या अंगाने लिहिते. १९९८ची चित्रफीत दाखवली की मुली लगेच हात हवेत धरून शॉटची नक्कल करतात. मी त्यांना त्याआधीचे वीस सेकंद पुन्हा पाहायला लावते. जॉर्डनकडे तेव्हा युटाच्या जेफ हॉर्नसेकला रोखण्याचे काम होते. मलोनला चेंडू मिळावा म्हणून हॉर्नसेक रिंगखालून पलीकडे निघून जातो, हे युटाचे नेहमीचे आखलेले होते. जॉर्डन त्याच्यामागे गेला नाही. तो बेसलाइनवरून (रिंगमागच्या सीमारेषेजवळून) मागे वळला आणि मलोनची पाठ त्याच्याकडे असताना खालून हात घालून त्याने चेंडू उडवला. दोन वर्षे एकाच संघाविरुद्ध खेळून, त्यांची चाल पाठ झाल्यामुळे तो चेंडू मिळाला. पंच चुकले असतील, रसेलला हात लागलाही असेल, पण या चोरीत खोट काढता येत नाही.

पहिल्या प्रतिसादकांचा एक मुद्दा मात्र मला दुरुस्त करावासा वाटतो. जॉर्डन त्या क्षणी एकटा नव्हता. चेंडू घेऊन तो रसेलसमोर उभा राहिला तेव्हा कर मैदानात होता आणि त्याला रोखायला स्टॉक्टन होता. आदल्या वर्षी स्टॉक्टन करला सोडून जॉर्डनवर धावला होता आणि त्याची किंमत युटाने मोजली होती. या वेळी चित्रफीत पाहाल तेव्हा रसेलकडे न पाहता स्टॉक्टनकडे पाहा. तो करजवळून हलत नाही.