फॉल पिक्चर बघितल्यापासून आई भावाला टॉवरवर चढू देत नाहीये, टॉवर लाईनमधल्या लोकांची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, माझा धाकटा भाऊ मोबाईल टॉवरवर रिगर आहे, अँटेना बसवणं, केबल ओढणं, अलाइनमेंट असली कामं, दोन वर्षं झाली त्याला. गेल्या रविवारी घरी आला होता तेव्हा त्यानेच हौसेने टीव्हीवर फॉल लावला, 2022 चा, स्कॉट मानचा, आणि आई पण आमच्याबरोबर बसली.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, शेवट सांगत नाही. बेकी आणि हंटर या दोघी मैत्रिणी वाळवंटातल्या 2000 फुटी बंद पडलेल्या टीव्ही टॉवरवर चढतात, उतरायला लागल्यावर गंजलेली शिडीच निखळून खाली जाते आणि दोघी वरच्या एवढ्याशा जाळीवर अडकतात. पाण्याची बॅग खालच्या डिशवर पडलेली, मोबाईलला वर रेंज नाही, खाली चिटपाखरू नाही. त्या शिडीचे बोल्ट हलताना जे जवळून दाखवलेत ना, तेव्हा आईने भावाचं मनगट जे धरलं ते पिक्चर संपेपर्यंत सोडलं नाही. आता म्हणते नोकरी सोड, रिक्षा चालव, आपण दोन घास कमी खाऊ.

मी तिला खूप समजावलं. म्हटलं अगं शूटिंग 2000 फुटांवर नाही केलेलं, कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटात एका डोंगराच्या कड्यावर टॉवरचं फक्त टोक बांधलं होतं, साधारण 100 फुटांचं, म्हणून मागे खोल दरी खरीखुरी दिसते. तसा खराखुरा टॉवर तिकडे वॉलनट ग्रोव्हला आहे, 2049 फूट, म्हणजे जवळपास सव्वासहाशे मीटर. आपला हा चढतो ते जीबीटी, म्हणजे जमिनीवर उभे केलेले टॉवर, 40 मीटरचे. तर आई म्हणाली, चाळीस मीटरवरून पडलेला कमी मरतो का? यावर मला काही बोलताच आलं नाही.

भाऊ म्हणतो ताई त्या दोघींचं सगळंच चुकलंय, एकमेकींना एका दोरीने बांधून चढतात, एकीचा पाय सुटला तर दुसरीवरच भार, आम्ही डबल हुकवर चढतो, एक हुक सोडायच्या आधी दुसरा वर लावायचाच. म्हणून मी त्याला म्हटलं दाखव तुझं सामान. आणि ते बघितल्यापासून आईपेक्षा मलाच जास्त भीती वाटतेय. हार्नेसच्या, म्हणजे पडताना धरून ठेवणाऱ्या अंगावरच्या पट्ट्यांच्या, मांडीच्या पट्ट्याची शिवण दोरे सुटून पिंजारलीय, लेबल इतकं घासलंय की आयएस 3521 (हार्नेसचं भारतीय मानक) लिहिलेलं होतं की नव्हतं तेही कळत नाही, आणि एका हुकाचं लॉक आपोआप बसत नाही, बोटाने दाबावं लागतं. 40 मीटरवर वारा सुटलेला असताना, हातात पाना असताना हा दर वेळी बोटाने दाबत बसणार? कॉन्ट्रॅक्टरला दोनदा सांगून झालंय, तो म्हणतो अजून वर्षभर चालेल.

त्यात साईटवर माणसं दोनच, हा वर आणि खाली गाडी चालवणारा पोरगा, जो आजवर एकदाही टॉवरवर चढलेला नाही. समजा याचा पाय सटकला आणि हार्नेसने धरलं, वाचला, पण मग तो लटकणार ना तिथे? मी वाचलं की हार्नेसमध्ये हालचाल न करता लटकलं की रक्त पायात साचतं आणि माणूस काही लागलेलं नसताना पण थोड्या मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो, म्हणून लवकरात लवकर खाली घ्यावं लागतं. पिक्चरमध्ये त्या दोघी वर आहेत हेच कोणाला माहीत नसतं. इथे खालच्याला दिसेल, फोन पण लागेल, पण गावाबाहेरच्या साईटवर कोणी पोचेपर्यंत त्याला उतरवणार कोण?

तर जे टॉवर लाईनमध्ये आहेत त्यांनी कृपया सांगा, तुमच्याकडे खालच्या माणसाला रेस्क्यू शिकवलेलं असतं का आणि खाली उतरवायचा दोर, पुली वगैरे साईटवर ठेवतात का? लटकल्यावर पाय टेकवून उभं राहायला हार्नेसला लावायचे पट्टे मिळतात म्हणे, ते कोणी वापरलेत का? शिवण उसवलेला हार्नेस दुरुस्त करून घेऊ नये, सरळ बदलावा असं भाऊ म्हणतो, बरोबर आहे ना? आणि चांगला फुल बॉडी हार्नेस डबल हुकसकट स्वतः घ्यायचा तर घेताना काय काय तपासायचं, कारण कॉन्ट्रॅक्टर देईल याची वाट बघायची माझी तयारी नाही, पैसे मी घालते.

सोमवारी पहाटे त्याला साईटवर निघायचंय. तोवर हार्नेसची पिशवी मी माझ्या कपाटात कुलूप लावून ठेवलीय, तो चिडलाय माझ्यावर.