अनुभव धागा: फिलिपिनो टीचर आणि त्यांची शनिवार-रविवारची दुसरी शाळा

चिंचगूळ (युनियन सिटी)
अमेरिकेत ऑक्टोबर हा फिलिपिनो अमेरिकन हिस्टरी मंथ. 1587 च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियाच्या मोरो बेला एका स्पॅनिश गलबतातून फिलिपिनो खलाशी उतरले होते, म्हणून हा महिना. आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या पोरांना कुणी ना कुणी फिलिपिनो टीचर असतात, आणि त्यातले काही जण शाळा सुटली की नाच, वाद्यं, कंदील असल्या गोष्टींना जुंपून घेतात. कुणाला जवळून बघितलं असेल तर लिहा. नुसतं "किती गोड बाई" नको, काय करतात, कसं करतात, पैसे कुठून येतात ते लिहा. नावं नकोत.

मीच सुरू करते. आमच्या गावातल्या मिडल स्कूलचं नाव इटलिओंग-वेरा क्रूझ. लॅरी इटलिओंग आणि फिलिप वेरा क्रूझ, 1965 च्या डेलानोच्या द्राक्षमळ्यांतल्या संपाचे फिलिपिनो पुढारी. फिलिपिनो अमेरिकन माणसांच्या नावाची ही देशातली पहिली शाळा. तर लेकीला टिनिक्लिंग शिकवणाऱ्या बाई एरवी पाचवीला गणित शिकवतात. टिनिक्लिंग म्हणजे दोघांनी बांबूंची जोडी धरून तीनच्या लयीत जमिनीवर आणि एकमेकांवर आपटायची आणि नाचणाऱ्याने घोटे सांभाळत मधून आत-बाहेर करायचं. बाई आधी बांबू देतच नाहीत, खडूच्या दोन रेघा मारतात, रेघांवर पाय चुकायचे थांबले की मग इलॅस्टिक, आणि बांबू सगळ्यात शेवटी. निघताना पोरं बाईंचा हात आपल्या कपाळाला लावतात, आमचीही लावते, घरी मात्र आजीच्या पाया पड म्हटलं की डोळे फिरवते 😀

तिरकीट
मी लहानपणी तबला शिकलोय, त्यामुळे ऑफिसातल्या मित्राने "गाँगचा क्लास आहे, येतोस का" विचारल्यावर लगेच गेलो. शिकवणारे सर दिवसा हायस्कूलला बायॉलॉजी शिकवतात, रविवारी एका चर्चच्या तळघरात कुलिंतांग. मधे टेंगूळ असलेल्या आठ घंटा लाकडी चौकटीत दोऱ्यांवर ओळीने मांडलेल्या असतात, त्यावर दोन काठ्यांनी वाजवायचं. सोबतीला टांगलेल्या मोठाल्या घंटा, त्यांना आगुंग म्हणतात, चार घंटांचं गांदिंगान, दाबाकान नावाचा ढोल, आणि बाबांदिल ही एक छोटी घंटा जी लय धरून ठेवते. नवख्याला बाबांदिलवर बसवतात. मला वाटलं सोपं काम दिलं, पण ती जरा हलली की सगळ्यांचं कोसळतं.

कागद नाही, वही नाही. सर वाजवतात, आपण बघायचं, मग वाजवायचं. त्यांचे गुरू दानोंगान कालांदुयान, फिलिपिन्सच्या दक्षिणेकडच्या मिंदानाओ बेटावरच्या मागिंदानाओ समाजातले, 1976 मध्ये सिअॅटलला वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत आले, पुढे बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास) राहिले आणि आयुष्यभर शिकवत राहिले. 1995 ला त्यांना नॅशनल हेरिटेज फेलोशिप मिळाली, पारंपरिक कलांसाठी अमेरिकन सरकारचा तो सगळ्यात मोठा मान. 2016 ला गेले.

आता गंमत बघा, आमचे सर स्वतः मनिलाकडचे कॅथलिक. मिंदानाओतल्या मुसलमान समाजाचं हे संगीत त्यांनी तिकडे असताना कधी धड ऐकलंही नव्हतं, शिकले ते कॅलिफोर्नियात येऊन. त्यामुळे ते फार जपून असतात. कॉलेजांच्या कल्चर नाइटला मनिलाच्या लोकनृत्य मंडळींच्या धर्तीवर भरजरी 'मुस्लिम नाच' बसवतात ना, त्यावर ते जाम वैतागतात. म्हणतात स्टेजवर राजकन्या आणि छत्र्या दाखवता, पण हे वाजवणारी माणसं आज कुठे राहतात, कशी राहतात, कुणी विचारलंय का. मला पटतं, पण त्याच कल्चर नाइटमुळे त्यांच्याकडे निम्मी पोरं येतात हेही खरंय.

पानगळ_मेरीलँड
मी शाळेत पॅरा, म्हणजे वर्गात टीचरांची मदतनीस, आहे. शेजारच्या वर्गातली सायन्स टीचर सेबूहून आलेली, एजन्सीची फी भरायला घरच्यांनी कर्ज काढलेलं. पाच जणी एका अपार्टमेंटमध्ये राहायच्या, सगळ्या टीचरच. हिने शाळेत कॉयर सुरू केला, पियानो नव्हता तर स्वतःचा कीबोर्ड बसमधून आणायची. जे-1 हा देवाणघेवाणीचा तात्पुरता व्हिसा होता, तीन वर्षं, वाढवून मिळाला तर पाच. वाढवून मिळाला नाही. कॉयर बंद. इकडच्याच एका काउंटीने एच-1बी या नोकरीच्या व्हिसाची जी फी कायद्याने स्वतः भरायची ती टीचरांकडून भरून घेतली होती, 2011 ला कामगार खात्याने परत करायला लावली आणि काउंटीवर नव्या व्हिसांची बंदी घातली, म्हणजे शिक्षा काउंटीला आणि नोकऱ्या गेल्या टीचरांच्या! 1901 मध्ये अमेरिकेने 'थॉमस' नावाच्या जहाजातून शेकडो शिक्षक फिलिपिन्सला इंग्रजी शिकवायला पाठवले होते, आणि आता तिकडचे शिक्षक कर्ज काढून इकडे येतात.

रंगपेटी
सॅन फ्रान्सिस्कोत सोमा (साउथ ऑफ मार्केट) भागात डिसेंबरात पारोल फेस्टिव्हल असतो. पारोल म्हणजे बांबूच्या काड्यांचा चांदणीचा कंदील, त्याला दोन शेपट्या. आपला आकाशकंदील करायला बसल्यासारखंच, तोच जिलेटिन पेपर, तीच खळ, तीच बोटं चिकटणं. वर्कशॉप घेणाऱ्या रिटायर्ड ड्रॉइंग टीचर मला म्हणाल्या तुझा हात बसलेला आहे, मी काही बोलले नाही 😀

जुनी_वही (लॉस एंजेलिस)
सगळे नाचगाण्यावरच लिहिताय म्हणून एक वेगळं. हेलन ब्राउन, मनिलात जन्म, वडील अमेरिकन आणि आई फिलिपिना, सगळ्यांची आंटी हेलन. इथल्या पब्लिक शाळांत नोकरी केली आणि 1985 मध्ये स्वतः जमवलेल्या पुस्तकांतून फिलिपिनो अमेरिकन वाचनालय उभं केलं. मी लायब्ररीत कामाला आहे, मला कुठल्याही महोत्सवापेक्षा हे जास्त मोठं वाटतं. कार्यक्रम संध्याकाळी संपतो, पुस्तकं रोज पुसावी लागतात.

तिरकीट
@जुनी_वही, वाजवणाऱ्यालाही रोजच बसावं लागतं हो!

मंडळी
छान चाललंय. @चिंचगूळ, आमच्या मंडळाच्या कार्यक्रमात तुमच्या टिनिक्लिंगच्या बाई येतील का? दहा मिनिटं देऊ शकतो, जेवणाच्या आधी. जेवण आमच्याकडून.

चिंचगूळ
@मंडळी विचारते. पण मानधनाचं काय? बांबू आणायला व्हॅन लागते, पोरांचे कपडे त्या स्वतः शिवतात, आणि शाळेचा पगार बे एरियात भाड्यातच जातो. पुण्याहून गायक आणता तेव्हा तिकीट, हॉटेल सगळं देता ना?

मंडळी
कमिटीत मांडतो. आकडा सांगा.

चिंचगूळ
व्यनि (खासगी निरोप) केलाय. आणि जेवणाच्या आधी नको, लोक प्लेटा घेऊन हिंडत असतात.