मदत हवी आहे: आईला तुर्तुकला न्यायचंय (वय ६७, बीपीची गोळी चालू)

नमस्कार मंडळी,

जुलैच्या शेवटी आईला घेऊन लडाखमधल्या तुर्तुकला जायचं मनात आहे. आम्ही दोघीच. तिला पँगाँग नको, उंट नको, फक्त ते एक गाव बघायचंय. त्यामुळे नेहमीच्या सहलींचे कार्यक्रम आमच्या उपयोगाचे नाहीत, आणि म्हणून इथे विचारतेय.

आण्णा, म्हणजे माझे वडील, सैन्यात ड्रायव्हर होते. १९८६-८७ मध्ये लेहहून खारदुंग ला (ला म्हणजे खिंड) ओलांडून नुब्रा खोऱ्यातल्या परतापूरच्या लष्करी तळाकडे, सियाचीनच्या वाटेवर, रसद नेणाऱ्या गाड्यांवर होते. सियाचीनची मोहीम एप्रिल १९८४ मध्ये सुरू झाली होती, आणि खारदुंग लाचा रस्ता सर्वसामान्यांसाठी खुला झाला १९८८ मध्ये. म्हणजे आण्णा तिथून गाडी हाकत होते तेव्हा तो रस्ता सैन्याचाच होता. पत्रावर पत्ता असायचा '५६ एपीओ' (सैन्याचं टपाल कार्यालय), बास. काळाचौकीच्या चाळीत बसून आईला नवरा नक्की कुठे आहे हे कधी कळलंच नाही. एकदा सुट्टीवर येताना त्यांनी कापडी पिशवीतून सुकवलेले जर्दाळू आणले. 'तुर्तुकच्या एका म्हाताऱ्याने दिले' एवढंच बोलले. जर्दाळू तेव्हाच संपले, पण बिया आईने एका पितळी डबीत ठेवल्या. आण्णांना जाऊन तीन वर्षं होतील. मागच्या दिवाळीत फळीवरचे डबे घासताना ती डबी हाती आली आणि आई म्हणाली, "मला ते गाव दाखव एकदा."

तेव्हापासून मिळेल ते वाचतेय. गाव श्योक नदीच्या काठी, लेहपासून साधारण २०५ किलोमीटर. लोक बाल्टी बोलतात, सीमेपलीकडच्या, पाकिस्तानच्या ताब्यातल्या स्कार्दूकडची भाषा. डिसेंबर १९७१ पर्यंत हे गाव पाकिस्तानच्या ताब्यात होतं. मेजर चेवांग रिंचेन यांच्या तुकडीने ते घेतलं. रिंचेन याच नुब्रा खोऱ्यातले, आणि महावीर चक्र दोनदा मिळालेले, १९४८ मध्ये आणि १९७१ मध्ये. पण मला राहून राहून दुसरीच गोष्ट आठवते. त्या रात्री जे कामानिमित्त स्कार्दूकडे गेले होते ते तिकडेच राहिले. नवरा तिकडे, बायको इकडे. मधे नियंत्रण रेषा. माझ्या आईला निदान महिन्याला पत्र तरी यायचं.

आता अडचणी.

पहिली आणि मोठी, तब्येत. आईला आठ वर्षांपासून बीपी आहे, गोळीवर व्यवस्थित आहे. चाळीचे तीन मजले ती रोज दोनदा चढते, दम लागत नाही. तरीही एका ट्रॅव्हल कंपनीने वय ऐकूनच नकार दिला. दुसरी न्यायला तयार आहे, पण विमानाने लेह, तिसऱ्या दिवशी नुब्रातलं हुंडर गाव, आणि तुर्तुक तिथून जाऊन-येऊन एका दिवसात. गावात दोन तास. आईला दोन तासांसाठी एवढ्या लांब न्यायचं मला पटत नाही. निदान दोन रात्री गावात राहायचंय. होमस्टेमध्ये खाली झोपायची व्यवस्था असते की पलंग मिळतो? संडास भारतीय पद्धतीचाच असतो का? आईचे गुडघे दुखतात.

परवान्याबद्दल एकेक जण एकेक सांगतो. काढावा लागतो का, आणि कुठे?

आणि एक विचारायचं होतं, कसं विचारावं कळत नाही. गावातल्या म्हाताऱ्या माणसांशी आईला बोलायचंय. तो माणूस सापडेल अशी आशा नाही, नावही माहीत नाही. पण फौजीची बायको म्हणून तिथे जाऊन बसणं त्यांना आवडेल का? १९७१ चा विषय आपण काढावा का?

कृपया अनुभव असेल तर लिहा.

घाटवाट:

ताई, दोन वर्षांपूर्वी माझ्या सासऱ्यांना (वय ७०) घेऊन गेलो होतो, तीन रात्री तुर्तुकमध्ये होतो. सविस्तर लिहितो.

तुर्तुकची उंची ही तुमची काळजी नाही. गाव जेमतेम ३,००० मीटरवर आहे, लेह ३,५०० वर. हुंडर, दिस्कितसुद्धा लेहपेक्षा खाली. काळजी आहे ती मुंबईतून विमानाने दोन-चार तासांत थेट लेहला उतरण्याची, आणि खारदुंग लाची (५,३५९ मीटर). म्हणून आम्ही श्रीनगरमार्गे गेलो. श्रीनगर सुमारे १,६०० मीटरवर, तिथे दोन रात्री. मग झोजी ला ओलांडून द्रास, आणि मुक्काम कारगिलला, तेही २,७०० च्या आतच. तिथेही दोन रात्री काढल्या. मग फोतू लामार्गे लेह. दिवस जास्त जातात, पण शरीराला सवय होत जाते. द्रासचं युद्धस्मारक वाटेतच आहे, तुमच्या आईंना तिथे थांबावंसं वाटेल.

लेहमध्येही दोन पूर्ण दिवस काहीही न करता बसा. बाजारसुद्धा नको. खारदुंग लावर फोटोसाठी दहा मिनिटांपेक्षा जास्त रेंगाळू नका.

परवान्याचे नियम मधूनमधून बदलतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात लेह प्रशासनाच्या पोर्टलवरच बघा आणि पर्यावरण शुल्क तिथेच भरा. आधार कार्डाच्या आणि पावतीच्या पाच-सहा प्रती जवळ ठेवा, तपासनाक्यांवर लागतात. आपल्याकडचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड घ्या. रोख रक्कम लेहमधूनच न्या.

राहण्याचं: आम्हाला पलंग आणि कमोड दोन्ही मिळालं, पण आधी फोन करून विचारलं होतं म्हणून. घर निवडताना एक बघा. गावाचे फारोल आणि यूल असे दोन मुख्य भाग आहेत, मधून ओढा. वाटा दगडी, चढउताराच्या, गाडी आत जात नाही. गुडघे दुखतात तर रस्त्याजवळचं घर घ्या. आम्ही देखावा बघून वरचं घेतलं आणि सासऱ्यांना दिवसातून एकदाच खाली उतरता आलं.

दगडांच्या फटींतून गार वारा खेळवून दूध-लोणी टिकवायच्या त्यांच्या कोठ्या आहेत, नांगचुंग म्हणतात. त्या आईंना नक्की दाखवा. यबगो राजघराण्याचा जुना वाडाही आहे, आत छोटं संग्रहालय. जुलैअखेर जर्दाळू पिकलेले असतात, छतांवर वाळत घातलेले दिसतील.

१९७१ चा विषय तुम्ही काढू नका. आईंनी जर्दाळूची गोष्ट सांगावी. आम्ही होतो त्या घरातल्या आजी स्वतःहून बोलल्या, तिसऱ्या संध्याकाळी. त्यांचा भाऊ पलीकडे राहिला होता. सासरे काही बोलले नाहीत, नुसते ऐकत बसले. म्हणून सांगतो, दोन नाही, तीन रात्री ठेवा.

स्टेथोस्कोप:

मी डॉक्टर आहे, पण तुमच्या आईंना तपासलेलं नाही, हे लक्षात ठेवून वाचा. तीन मजले चढता येणं चांगलंच, पण विरळ हवा सोसेल की नाही हे त्यावरून कळत नाही. धडधाकट तरुणांनाही त्रास होतो. निघण्याआधी ईसीजी, टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि रक्ततपासणी करून घ्या. बीपीची गोळी नेमकी कोणती ते बघा. तिच्यात लघवी वाढवणारं औषध असेल तर उंचीसाठीची गोळी (डायमॉक्स) स्वतःच्या मनाने अजिबात देऊ नका, तीही लघवी वाढवते. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. झोपेची गोळी वर्ज्य. डोकेदुखी, मळमळ झाली तर तिथेच थांबायचं, वर चढायचं नाही. बसल्या जागी धाप लागली किंवा चालताना तोल जायला लागला तर रात्र असो, पाऊस असो, खाली उतरायचं. लेहच्या सोनम नोरबू रुग्णालयात अशा रुग्णांची सोय आहे. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर बरोबर असू द्या.

कोकमसार:

बिया कोणत्या रंगाच्या आहेत? लडाखमध्ये पांढऱ्या बीचा एक जर्दाळू असतो, रक्त्से कार्पो, म्हणजेच 'पांढरी बी'. त्याचा आतला गर गोड लागतो. तपकिरी बियांचा बहुधा कडू. पांढऱ्या बीच्या या जर्दाळूला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तिकडे जर्दाळूला 'चुली' म्हणतात, आईंना सांगा.

मूळ धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. घाटवाट, श्रीनगरमार्गेच जायचं ठरवलं आणि तुर्तुकला तीन रात्री. एकूण सोळा दिवस होताहेत, ऑफिसात रजेचा अर्ज टाकलाय. डॉक्टरसाहेब, तुम्ही म्हणालात म्हणून गोळीचं पाकीट वाचलं, लघवीचं औषध आहे त्यात. सोमवारी आईला घेऊन फिजिशियनकडे जातेय, ते नको म्हणाले तर बेत तिथेच थांबेल. आईलाही तसं सांगितलंय. ती म्हणाली, "बघू दे त्यांना तपासून, मी काही पळून जात नाही."

कोकमसार, काल रात्री डबी उघडली. नऊ बिया आहेत. सात पांढरट, दोन तपकिरी. चुली म्हटल्यावर आईने दोनदा विचारलं, चूल नव्हे ना? मग एक बी वेगळी काढून पदराच्या टोकाला बांधली. ही परत द्यायची म्हणते, ज्याच्या घरी राहू त्याला.

श्रीनगर ते लेह आणि लेह ते तुर्तुक एकच गाडी, एकच ड्रायव्हर मिळेल का? की टॅक्सी युनियनच्या नियमामुळे लेहला बदलावीच लागते? कुणाला माहीत असेल तर सांगा.