विषय: माउंट व्हर्ननवरची पुस्तकचर्चा, काय वाचायचं?

मंडळी,
वाचनगटाची पुढची बैठक माउंट व्हर्ननवर, म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टनच्या शेतीवाडीवरच भरणार आहे, विषय तिथली गुलामगिरी. जाडजूड चरित्र नेमलं की निम्मे जण न वाचताच येतात. दुसरं काय ठेवता येईल?
– संजय

संजय,
चरित्र नकोच. "वॉशिंग्टन चांगला की वाईट" यातच तास जातो. त्यापेक्षा १७९९ सालची त्याने स्वतः केलेली यादी घ्या. माउंट व्हर्ननवरची ३१७ गुलाम माणसं, प्रत्येकाचं नाव, बहुतेकांचं काम आणि लग्न कोणाशी झालंय तेही. त्यातले १२३ वॉशिंग्टनच्या मालकीचे, १५३ त्याची बायको मार्था हिच्या पहिल्या नवऱ्याच्या, म्हणजे कस्टिस इस्टेटीचे. उरलेले बहुतेक भाड्याने घेतलेले.

तीन-तीन जणांना एकेका शेताची पानं द्या आणि नवरा एका मालकाचा, बायको दुसऱ्या मालकाची अशा जोड्यांवर खूण करायला सांगा. मग मृत्युपत्राचा उतारा वाचा. वॉशिंग्टनला फक्त स्वतःचे गुलाम मुक्त करता येत होते. मार्थाने त्यांना १ जानेवारी १८०१ ला सोडलं. कस्टिसचे मात्र तिच्या मृत्यूनंतर चार नातवंडांत वाटले गेले. खूण केलेल्या जोड्यांचं काय झालं असेल, हे मग कुणी समजावून सांगावं लागत नाही. हा क्रम उलटा करू नका. मृत्युपत्र आधी वाचलं तर सगळे त्याच्या औदार्यावरच बोलत बसतात.

दुसरा मजकूर ओना जजचा. ती मार्थाची गुलाम दासी, १७९६ च्या मे महिन्यात वॉशिंग्टनच्या फिलाडेल्फियाच्या (पेनसिल्व्हेनिया) घरातून निसटली. पेनसिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्याने परराज्यातल्या मालकाचे गुलाम सहा महिने तिथे राहिले की मुक्त होऊ शकत, म्हणून वॉशिंग्टन त्यांना मुदतीआधी बाहेर पाठवत असे. तिच्या १८४५ आणि १८४७ च्या मुलाखती छोट्या आहेत, घरून वाचून यायला सांगा. ती कस्टिस इस्टेटीची, त्यामुळे कायद्याने तिची मुलंही त्याच इस्टेटीची, बाप मुक्त असला तरी. हा मुद्दा हमखास निसटतो.

बसून बोलायला गुलामांच्या खोल्या सोयीच्या नाहीत, येणाऱ्या-जाणाऱ्यांची वाट अडते. गुलामांच्या दफनभूमीत १९२९ चा स्मृतीचा दगड आणि १९८३ चं स्मारक जवळजवळ आहेत. दोन्हींवरचा मजकूर एकाने मोठ्याने वाचावा, चर्चा नंतर बाहेर. बाराच्या वर माणसं असतील तर दोन गट करा.
– मेधा

मेधाताई,
फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामीविरोधकांना अर्पण केली. सुरुवात तिथूनच करूया ना?
– निखिल

निखिल,
अर्पणपत्रिका जरूर घे, पण शेवटच्या पंधरा मिनिटांत. आधी घेतलीस तर गाडी जातिव्यवस्थेवर येते आणि यादीतली नावं तशीच राहतात. आपल्या लोकांना परक्या विषयापेक्षा घरचा वाद लवकर सुचतो. त्यावर वेगळी बैठक ठेव, मी येते.
– मेधा