मदत हवी आहे: नोकरी सांभाळून एमएचआरडीएम (एचआरमधली पदव्युत्तर पदवी) की नोकरी सोडून एमबीए?

अंबरनाथ एमआयडीसीत 4 वर्षं पेरोल, पीएफ, ईएसआय बघतोय. हातात 28 हजार. नुसत्या बीकॉमवर एचआरमध्ये वरची जागा मिळत नाहीये. मुंबई विद्यापीठाचा अर्धवेळ एमएचआरडीएम 3 वर्षांचा, पूर्णवेळ एमबीए 2 वर्षांचा. पूर्णवेळात फीपेक्षा बुडणारा पगारच जास्त टोचतो, जवळजवळ पावणेसात लाख! कर्ज 5 लाखांच्या वर नको, घर सोडून बाहेरगावी जाता येणार नाही. सीईटी देणारच आहे. कॉलेजांना फोन केले, तर सगळे सर्वाधिक पॅकेज सांगतात. वर्गातल्या सर्वसाधारण पोराला किती मिळतं ते कुणी सांगेना.

अर्धवेळ केलेल्यांनो, पदवीनंतर तिथेच बढती मिळाली की कंपनी बदलावी लागली? पगार साधारण किती वाढला? आणि अंबरनाथहून संध्याकाळच्या वर्गांची हजेरी खरंच भरते का?