मदत हवी आहे: फोर्स्कोलिन देऊनही किडनीच्या पेशी वाढत नाहीत

शेवंता_लॅब: सोमवारी सरांना आकडे दाखवायचेत, म्हणून घाईत लिहितेय. व्हासोप्रेसिन या संप्रेरकाने सायक्लिक एएमपी (पेशीतला निरोप्या रेणू) वाढतं, त्याने पेशींची संख्या वाढते, असं सगळीकडे वाचलं. मी फोर्स्कोलिनने ते वाढवलं, तर पेशी कंट्रोलपेक्षा (औषध न दिलेल्या बशीपेक्षा) कमीच. तीनदा केलं. सर म्हणतात हात चुकतोय. कुठे चुकतंय?

बशीतलेजीव: पेशी कुठल्या? लिहिलंच नाहीस. सीरम (पेशींना पोसायला घालतो तो रक्तातला द्रव) किती?

गोटूशेठ: फोर्स्कोलिन खराब झालं असणार. आमची बाटली फ्रीजरबाहेर राहिली आणि महिना वाया गेला. नवी मागव.

शेवंता_लॅब: बाटली नवीच आहे. सीरम अर्धा टक्का. पेशी किडनीच्या, माणसाच्या.

बशीतलेजीव: निरोगी माणसाच्या की पॉलिसिस्टिकवाल्याच्या (किडनीत पाण्याच्या गाठी होतात तो आजार)? सगळी गोम तिथेच आहे.

दत्तू_सांगलीकर: एमटॉरकडे बघा, पेशीची वाढ चालवणारं प्रथिन ते. माझ्या वडिलांनी काकांना किडनी दिली. उरलेली मोठी झालेली सोनोग्राफीत दिसली. डॉक्टर म्हणाले, नवे नेफ्रॉन येत नाहीत, आहेत त्याच पेशी मोठ्या होतात, आणि त्यामागे एमटॉर असतं.

बशीतलेजीव: दत्तूदादा, ते खरंय. पण तो पेशीचा आकार झाला, शेवंता संख्या मोजतेय.

पाणकोंबडी: आमच्या एमडीसीके (कुत्र्याच्या किडनीच्या) पेशींच्या गाठी जेलमध्ये फोर्स्कोलिनने चांगल्या वाढतात. प्रयोगच चुकलाय.

बशीतलेजीव: गाठ फुगते ती क्लोराइड आत जातं आणि मागोमाग पाणी शिरतं म्हणून.

पाणकोंबडी: नुसतं पाणी नाही हो, पेशीही वाढतात. आम्ही मोजल्यात.

शेवंता_लॅब: निरोगी. ऑपरेशनमध्ये काढलेल्या किडनीचा चांगला भाग. याने फरक पडेल असं वाटलं नव्हतं.

बशीतलेजीव: मग तुझा हात अजिबात चुकलेला नाही! निरोगी पेशीत सायक्लिक एएमपी वाढलं की रॅफ-1 हे प्रथिन दबतं, त्यामुळे विभाजनाचा इशारा देणारं ईआरके थंडावतं, विभाजन मंदावतं. पॉलिसिस्टिकच्या पेशीत कॅल्शियम कमी, म्हणून रॅफ-1च्याच कुळातल्या बी-रॅफवरचा लगाम सुटतो आणि तेच सायक्लिक एएमपी ईआरकेला चेतवतं. तू वाचलंस ते त्या आजाराबद्दल. टोलव्हॅप्टान हे त्यावरचं औषध व्हासोप्रेसिनचा व्ही2 रिसेप्टर अडवतं ते याचसाठी. आता वेरापामिलने (कॅल्शियमला पेशीत शिरू न देणारं औषध) कॅल्शियम उतरवून हाच प्रयोग कर. निरोगी पेशीही उलट वागू लागतात.

मुळेकाकू: फोर्स्कोलिन माईनमुळातलं ना? 1970च्या दशकात मुंबईत हेक्स्ट या जर्मन औषध कंपनीच्या केंद्रात त्यावर काम झालं होतं. आमच्याकडे त्याचं लोणचं घालतात. भावाला पॉलिसिस्टिक आहे, त्याला वाढू नको का?

बशीतलेजीव: काकू, बशीतल्या डोसवरून ताटातलं ठरवता येत नाही. त्याच्या किडनीच्या डॉक्टरांना विचारा. लोणच्यातलं मीठ मात्र त्याला कमीच हवं.

गोटूशेठ: तरी बाटली एकदा बदलून बघच.

शेवंता_लॅब: शेजारच्या लॅबमधून वेरापामिल मिळालं. फोर्स्कोलिनच्या आधी किती तास द्यायचं? आज रात्रीच लावतेय.